पलभा, दिनमान आणि पृथ्वीचा गोल

पृथ्वी गोल आहे, हे वाक्य आपल्या शाळांतून इतक्या लवकर आणि इतक्या सहजपणे शिकविले जाते की, त्यात काही आश्चर्य करण्यासारखे आहे याची जाणीव विद्यार्थ्याला होत नाही. तिसरी-चौथीतील मूल ते पाठ म्हणते, परीक्षेत लिहिते आणि त्याचे गुणही मिळविते. परंतु 'कशावरून?' असा प्रश्न त्याला केला तर ते पुस्तकातील जहाजाचा दाखला देते. दूर जाणाऱ्या जहाजाचा तळ आधी दिसेनासा होतो आणि डोलकाठी मागाहून. दाखला खरा आहे. तथापि मच्छे, देसूर, पिरनवाडी या बाजूच्या मुलाला वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. एक न पाहिलेली गोष्ट सिद्ध करण्यासाठी दुसरी न पाहिलेली गोष्ट पुढे करावी, असाच हा प्रकार होतो. मुलाने दोन्हींवर विश्वास ठेवला, इतकेच त्यातून निष्पन्न होते.

वस्तुतः पृथ्वीच्या आकाराचा पुरावा शाळेच्या अंगणात रोज पडत असतो. तो सावलीच्या रूपाने पडतो, आणि तो वाचण्याची विद्या आपल्या भाषेला परकी नाही. अक्षांश, क्रांती, चर, शंकू, पलभा हे शब्द जुन्या पंचांगकर्त्यांच्या नित्य व्यवहारातले होते. आज त्यांतील पहिला शब्द भूगोलाच्या पुस्तकात उरला आहे. बाकीचे बहुतेक शिक्षकांनाही अपरिचित झाले आहेत. या लेखात त्या शब्दांच्या आधाराने दोन गोष्टी उलगडून दाखविण्याचा विचार आहे. पृथ्वीच्या गोलपणामुळे दिवसाची लांबी स्थळोस्थळी कशी बदलते, ही पहिली. आणि त्याच गोलपणामुळे वर्गात शिकविलेल्या भूमितीला कोठे मर्यादा पडते, ही दुसरी.

प्रथम सावलीकडे वळू. एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागी ओळंब्याने अगदी उभी रोवावी. हाच शंकू. तिच्या बुंध्याभोवती एक वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या बाहेर असते. सावली आखडत जाते तसे ते टोक एका बिंदूपाशी वर्तुळाच्या आत येते, आणि दुपारनंतर दुसऱ्या बिंदूपाशी बाहेर पडते. हे दोन बिंदू जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होय. तिचा लंबदुभाजक काढला की दक्षिणोत्तर रेषा मिळते. जुन्या ग्रंथांत यालाच दिक्साधन म्हटले आहे. लंबदुभाजकाची रचना फळ्यावर शेकडो वेळा काढणाऱ्या मुलाला तिचा असा उपयोग एकदा तरी पाहावयास मिळावा.

सावलीचे टोक या दक्षिणोत्तर रेषेवर येईल तो खरा मध्याह्न. त्या वेळी घड्याळ पाहिले तर बारा वाजून गेलेले आढळतील. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची आहे आणि बेळगावचे रेखांश सुमारे ७४ अंश ३० कला आहेत. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला मध्याह्न सरासरीने ३२ मिनिटे उशिरा होतो. ऋतुपरत्वे तो फेब्रुवारीत पाऊणच्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या सुमारास येतो. ही प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत चालविली, हे अनेकांना ठाऊक असेल. घड्याळातील बारा हा सोयीसाठी केलेला करार आहे. शंकूचा मध्याह्न हा त्या जागेचा स्वतःचा आहे.

आता वर्षभर मध्याह्नीची सावली मोजली तर काय दिसते? २२ डिसेंबरच्या सुमारास एक मीटरच्या काठीची सावली आमच्याकडे सुमारे ८२ सेंटिमीटर असते व ती उत्तरेकडे पडते. तेथून ती आखडू लागते. मकरसंक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. परंतु १४ जानेवारीला सावली मोजावी, ती ७६ सेंटिमीटरच्या आसपास आलेली असते. म्हणजे वाढ त्यापूर्वी तीन आठवडे सुरू झालेली असते. २१ मार्चच्या सुमारास सावली २८ सेंटिमीटरांवर येते आणि ३-४ मेच्या सुमारास ती मध्याह्नी नाहीशीच होते. सूर्य नेमका डोक्यावर येतो. खोल विहिरीत वाकून पाहिले तर तळाच्या पाण्यात त्याचे बिंब दिसावे. त्यानंतर सूर्य आपल्या उत्तरेस जातो आणि सावली दक्षिणेकडे पडू लागते. २१ जूनला ती सुमारे १३ सेंटिमीटर असते. ९ ऑगस्टच्या सुमारास सूर्य पुन्हा डोक्यावर येतो. पण त्या दिवसांत आमच्याकडे बहुधा ढग असतात आणि मेमध्ये शाळेला सुट्टी असते, त्यामुळे हा चमत्कार फार थोड्या मुलांच्या दृष्टीस पडतो. बिनसावलीचा हा दिवस उत्तरेकडे सरकत जातो, हेही ध्यानात घ्यावे. कोल्हापुरास तो ७ मेच्या आसपास येतो, पुण्यास १३-१४ मेला, आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास.

विषुवदिनी, म्हणजे दिवस व रात्र समान असण्याच्या दिवशी, बारा अंगुळे उंचीच्या शंकूची मध्याह्नी जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. बेळगावची पलभा ३ अंगुळे २४ व्यंगुळे येते. पुण्याची जवळजवळ बरोबर ४ अंगुळे. नागपूरची सुमारे ४ अंगुळे ३९ व्यंगुळे. पलभा ही त्या गावाची एक प्रकारे ओळखच होय. ती कळली की अक्षांश कळले. सूर्य त्या दिवशी विषुववृत्तावर असल्याने शंकू व सावली यांच्या काटकोन त्रिकोणात शंकूच्या टोकाशी होणारा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका असतो.

पलभेवरून दिवसाची लांबी काढण्याची रीत ज्यांनी सोपी करून ठेवली, ते गणेश दैवज्ञ कोकणातील नांदगावचे. त्यांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० चा. त्यांची रीत अशी की, पलभेला अनुक्रमे १०, ८ आणि ३⅓ यांनी गुणावे. येणारे तीन आकडे म्हणजे मेष, वृषभ आणि मिथुन या सायन राशींची चरखंडे, पळांत. बेळगावसाठी ती ३४, २७ व ११ अशी येतात. सूक्ष्म अपूर्णांक धरून बेरीज ७३ पळे. एक पळ म्हणजे २४ सेकंद, तेव्हा ही सुमारे २९ मिनिटे झाली. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहा वाजण्याच्या इतका आधी उगवतो आणि इतकाच नंतर मावळतो, असे धरावे. दिनमान १२ तास ५८ मिनिटे झाले. आजच्या त्रिकोणमितीने हेच गणित केले तर उत्तर १२ तास ५७ मिनिटे येते. पाच शतकांपूर्वी तीन गुणाकारांत मिळणाऱ्या उत्तरात एका मिनिटाचा फरक पडावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. प्रत्यक्षात दिवस याहून सात-आठ मिनिटांनी मोठा भरतो. याचे कारण असे की, वातावरणात किरण वाकल्यामुळे क्षितिजाखालचा सूर्य आपल्याला दिसतो, शिवाय बिंबाची वरची कड दिसताच आपण उदय झाला असे मानतो. म्हणून आमच्याकडील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास ४ मिनिटांचा आणि सर्वांत लहान सुमारे ११ तास १० मिनिटांचा.

या चराचे मूळ कशात आहे? विषुववृत्तावरील माणसाला ध्रुवतारा क्षितिजालगत असतो आणि सूर्याची दैनिक वर्तुळे क्षितिजाला काटकोनात छेदतात; त्यामुळे कोणत्याही ऋतूत प्रत्येक वर्तुळाचा अर्धा भाग क्षितिजावर आणि अर्धा खाली राहतो. तेथे गणिताचा दिवस बारा तासांचाच. आपण उत्तरेकडे चालू लागलो की पायांखालची भूमी वळत जाते, आणि तिच्याबरोबर क्षितिजही कलते. बेळगावास ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १६ अंश वर दिसतो, नागपुरास २१ अंश. अशा कललेल्या क्षितिजाने सूर्याची उन्हाळ्यातील वर्तुळे असमान कापली जातात. मोठा भाग वर राहतो, लहान खाली. पृथ्वी पाटासारखी सपाट असती तर अतिदूरच्या ध्रुवताऱ्याची उंची सर्व गावांहून सारखीच दिसली असती आणि दिनमानही सर्वत्र सारखेच राहिले असते.

बेळगाव आणि नागपूर यांची तुलना या दृष्टीने फार उद्बोधक आहे. नागपूर आपल्यापेक्षा सुमारे साडेचार अंश पूर्वेस आहे. एवढ्यावरून तेथे सूर्य १८ मिनिटे आधी उगवावा आणि १८ मिनिटे आधी मावळावा. मार्च व सप्टेंबर महिन्यांतील विषुवदिनी तसेच घडते. परंतु २१ जूनच्या सुमारास नागपूरचा सूर्योदय आपल्या २९ मिनिटे आधी होतो, आणि सूर्यास्त मात्र अवघी ८ मिनिटे आधी. २२ डिसेंबरला हे उलटते: उदय ८ मिनिटे आधी, अस्त सुमारे २८ मिनिटे आधी. गावे तीच, त्यांमधील अंतर तेच. तरी फरक ऋतूप्रमाणे बदलतो. याचा उलगडा असा की, गोलावर उजेड आणि अंधार यांची सीमा म्हणजे एक मोठे वर्तुळ होय. विषुवदिनी ते दोन्ही ध्रुवांतून, म्हणजे रेखावृत्ताच्या दिशेने जाते. इतर वेळी ते कलते, आणि हा कल जून व डिसेंबरमध्ये सुमारे साडेतेवीस अंशांपर्यंत पोचतो. वर्तमानपत्रात छापलेल्या उदयास्ताच्या वेळा वर्षभर मांडून हा कल विद्यार्थ्याला स्वतः शोधता येईल. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

येथे एक शंका प्रामाणिकपणे विचारात घेतली पाहिजे. दोन गावांच्या सावल्या निरनिराळ्या आहेत एवढ्याने पृथ्वी गोल ठरते काय? ठरत नाही. भूमी सपाट असून सूर्य फार दूर नाही असे मानले, तरीही दोन सावल्यांचा फरक समजावून देता येतो. चौकस विद्यार्थी ही शंका काढील, आणि त्याने ती काढावीच. तिचे उत्तर तिसऱ्या गावात आहे. विषुवदिनी एक मीटरच्या काठीची सावली बेळगावास २८.४ सेंटिमीटर, नागपुरास ३८.७ सेंटिमीटर असते. दक्षिणोत्तर मोजले तर ही स्थळे सुमारे ५८५ किलोमीटर अंतरावर आहेत, सावली १०.३ सेंटिमीटरांनी वाढली. सपाट भूमीवर जवळचा सूर्य असेल, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने सावली अंतराच्या प्रमाणात वाढली पाहिजे. नागपूरपासून श्रीनगर उत्तरेस आणखी सुमारे १,४३० किलोमीटर. त्रैराशिकाने वाढ २५.२ सेंटिमीटर यावी आणि सावली ६४ सेंटिमीटरांच्या आत राहावी. प्रत्यक्षात ती ६७.७ सेंटिमीटर असते. जवळजवळ चार सेंटिमीटरांचा हा फरक साध्या पट्टीने मोजता येतो. तो सपाट भूमीच्या कल्पनेत बसत नाही. गोलावर दूरच्या सूर्याचे समांतर किरण पडतात असे धरले की नेमका बसतो.

गोलपणा मान्य झाल्यावर परीघ काढणे हे केवळ त्रैराशिक होय. बेळगाव-नागपूर अक्षांशांतर ५.३ अंश, अंतर ५८५ किलोमीटर. तर ३६० अंशांना किती? उत्तर ४० हजार किलोमीटरांच्या अगदी जवळ येते. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या आणि आपले गाव सह्याद्रीजवळ असल्याचे सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात हीच युक्ती सांगितली आहे. त्यांनी परीघ ४,९६७ योजने दिला आणि व्यास १,५८१ योजनांहून किंचित अधिक. या दोहोंचे गुणोत्तर ३.१४१६ येते. भूमी सपाट का भासते, याचेही उत्तर त्यांनी दिले: मोठ्या परिघाचा लहानसा भाग सरळच दिसतो, आणि माणूस त्यापुढे फारच लहान आहे. आजच्या मापात सांगावयाचे तर, एक किलोमीटर अंतरावर भूमी स्पर्शरेषेपासून सुमारे ८ सेंटिमीटर खाली जाते आणि दहा किलोमीटरांवर सुमारे ८ मीटर. बेळगाव परिसराच्या चढउतारात एवढे अंतर लपून जाणारच.

याच मुद्द्यावरून आपण भूमितीकडे येतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हा सिद्धांत आपण शिकवितो. आणि पुढच्या तासाला त्याच वर्गात पृथ्वीगोल घेऊन भूगोल शिकवितो. या दोन तासांची गाठ कधी पडत नाही. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून एकमेकांशी काटकोन करणारी दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत आणावीत. विषुववृत्ताशीही ती काटकोनच करतात. असा तीन काटकोनांचा, २७० अंशांचा त्रिकोण आपल्या हातातील गोलावर तयार होतो. एकाच रेषेला लंब असणाऱ्या दोन रेषा समांतर असतात व भेटत नाहीत, हा कागदावरचा नियमही येथे मोडतो. दोन्ही रेखावृत्ते ध्रुवावर भेटतात. ती जवळ येत असल्याचे आपल्या देशातच मोजता येते. एक रेखांशाची रुंदी बेळगावच्या अक्षांशावर १०७ किलोमीटर, नागपूरच्या अक्षांशावर १०४, आणि श्रीनगरच्या अक्षांशावर ९२ किलोमीटर आहे.

मग शाळेतील सिद्धांत खोटा ठरला काय? तसे नव्हे. तो सपाट पृष्ठाविषयी आहे आणि तेथे तो पूर्णपणे खरा आहे. गोलावरील त्रिकोणात कोनांची जी वाढ होते, ती क्षेत्रफळाच्या प्रमाणात होते. पृथ्वीवर सुमारे १९७ चौरस किलोमीटरांना एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, असे ते प्रमाण आहे. बेळगाव, कोल्हापूर व पणजी हा त्रिकोण घेतला तर क्षेत्रफळ सुमारे ३,९०० चौरस किलोमीटर आणि कोनांची वाढ अवघी २० विकला. शेताची मोजणी साखळीने करणाऱ्याला हिची दखल घेण्याचे कारण नाही. परंतु सबंध देशाची मोजणी करणाऱ्याला ती सोडून चालत नाही. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटन यांनी भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या त्रिकोणात हा गोलाधिक्याचा हिशेब करावा लागला. लॅम्बटन हे काम करीत उत्तरेकडे सरकत असताना १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मृत्यू पावले. त्यांची कबर तेथेच आहे. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे चालविले. अशा मोजण्यांतूनच हेही पक्के झाले की पृथ्वी शुद्ध गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ ११०.६ किलोमीटर आणि ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर भरतो. दोन त्रिज्यांतील फरक सुमारे २१ किलोमीटरांचा.

विद्यार्थ्याला यातून मिळणारा धडा भूगोल आणि भूमिती या दोहोंपेक्षा मोठा आहे. एखादे विधान कोणत्या मर्यादेत खरे आहे हे ओळखणे आणि ती मर्यादा स्वतः मोजून पाहणे, ही विवेकाची सुरुवात होय. मराठीत या विषयावर वाद झालेले आहेत. सुबाजी बापू यांचा 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुराणांतील सपाट पृथ्वीचे, सिद्धान्तकारांच्या गोल पृथ्वीचे आणि कोपर्निकसाच्या फिरत्या पृथ्वीचे मत शेजारी शेजारी ठेवून वाचकाला तुलना करावयास लावले होते. त्या काळच्या मराठी वाचकाला जो विचार करावा लागला, त्याचा निष्कर्ष तेवढा आपण आज मुलांच्या हाती देतो. विचार मात्र वगळतो. शब्द गेले की त्यांच्यामागची कृतीही जाते. 'पलभा' हा शब्द विस्मरणात गेला, त्याबरोबर अंगणातला शंकूही गेला.

तो परत आणणे कठीण नाही. २२-२३ सप्टेंबरला शाळा चालू असतात आणि पाऊस ओसरू लागलेला असतो. हा दिवस सर्वांत सोयीचा. ढग आले तर दोन-तीन दिवस पुढे-मागे मोजावे. मात्र सर्व शाळांनी एकाच दिवसाची मापे घ्यावीत. सावलीची कड सूर्यबिंबाच्या आकारामुळे सुमारे एक सेंटिमीटर पुसट असते. तिचा मध्य धरावा. बेळगाव व कोल्हापूर यांच्या सावल्यांत सुमारे दीड सेंटिमीटरांचाच फरक पडतो, म्हणून जोडीदार शाळा शक्य तितकी दूर उत्तरेस निवडावी. या सीमाभागात आणखी एक सोय आहे. अक्षांश आणि रेखांश हे शब्द कानडीतही हेच आहेत. शेजारच्या कानडी शाळेतील मुले त्याच दिवशी तीच सावली मोजतील, तर दोन्ही शाळांच्या वह्या एकमेकांना सहज वाचता येतील. मापे, वेळ आणि हवेची स्थिती यांची एक नोंदवही प्रत्येक शाळेने ठेवावी आणि ती वर्षानुवर्षे पुढच्या वर्गाकडे सोपवावी. पृथ्वी गोल कशावरून, असे कोणी विचारले तर त्या शाळेतील मुलाला जहाजाची वाट पाहावी लागणार नाही. त्याने आपली वही उघडून दाखवावी.